सह्यांच्या वहीतलं कापलेलं पान

मुरबाडच्या बाजारपेठेत माझं औषधांचं दुकान आहे आणि दुकानात, देवाच्या तसबिरीखालच्या काचेच्या कप्प्यात, एक वही आहे. तिच्यात कबड्डी खेळणाऱ्यांच्या सह्या आहेत. कुणी पुढे टीव्हीवर झळकलं, कुणी राज्याकडून खेळलं, कुणाला खेळावर नोकरी लागली. पण सह्या सगळ्या ते कोणीच नव्हते तेव्हाच्या. खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूससुद्धा वही चाळतो आणि म्हणतो, "शेठ, तुमची नजर म्हणजे नजर. एक माणूस चुकला नाय." मी नुसता हसतो. बारा वर्षं मी असा हसत आलो. गेल्या महिन्यापासून ते हसू जमेनासं झालंय, म्हणून हे लिहितो आहे.

मी स्वतः कधी धड खेळलो नाही. कबड्डी कबड्डी म्हणत मध्यरेषा गाठेपर्यंतच माझा दम संपायचा, आणि शाळेत मला दोन्ही संघ एकमेकांना दान करायचे. पण बघायची हौस दांडगी. भात कापून झालं, खळी मोकळी झाली की आमच्याकडे गावोगावी सामने लागतात. रविवारी दुपारी दुकान बंद करायचं, स्कूटर काढायची आणि कधी शहापूरकडे, कधी कसाऱ्याला, कधी धसईला जायचं, हा माझा हिवाळा. बायको म्हणायची, देवळात एवढं गेला असतात तर देव पावला असता. असाच एकदा कसाऱ्याला एका लहान चणीच्या मुलाने पायात सूर मारून अशी पकड केली की मी उठून उभा राहिलो. सामना संपल्यावर खिशात डॉक्टरांच्या चिठ्ठीचा कागद होता, त्याच्या मागे त्याची सही घेतली. दोन वर्षांनी तो टीव्हीवर दिसला. तो कागद मी दुकानात येईल त्याला दाखवला. ज्याला दाखवला त्याने तोंडभर कौतुक केलं, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर जो चढलो तो खाली आलोच नाही.

मग वही आणली. जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, आखणी नसलेली. एका खेळाडूला एक पान. वर त्याची सही पेनाने, खाली माझा शेरा पेन्सिलीने. उंची, चढाई, पकड, स्वभाव. "घाई करतो." "पाय हलका, डोकं तापट." असं मी लिहायचो, आणि लिहिताना माझा चेहरा कसा होत असेल हे आठवलं की आता अंगावर शहारा येतो. कारण मैदानाच्या कडेला बसून वहीत लिहिणारा माणूस आमच्या भागात साहेबच असतो. तलाठी लिहितो, पंच लिहितो, निवड समितीचा माणूस लिहितो. हौसेने कोण लिहितं? दोन-चार मैदानांवर गेलो तेवढ्यात लोकांनी ठरवून टाकलं की मी निवड समितीचा. मंडळाची पोरं पळत येऊन प्लॅस्टिकची खुर्ची द्यायची. चहा यायचा, कधी वडापाव यायचा. मी समितीचा आहे असं मी कधीच म्हणालो नाही, हे खरं आहे. मी समितीचा नाही असंही कधी म्हणालो नाही. खुर्ची बरी वाटायची.

ज्याच्यामुळे हे लिहितो आहे तो मुलगा मला धसईला भेटला. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावाचा, वीस वर्षांचा, काटक आणि चांगला उंच. त्याच्या संघाचे चार गडी बाद होते आणि शेवटची काही मिनिटं राहिली होती. तो चढाईला गेला. डाव्या कोपऱ्यावरच्याला त्याने टाच लावली, तेवढ्यात मधल्या दोघांनी साखळी करून त्याला कंबरेला धरलं. तिघं त्याच्या अंगावर. मैदानावर पाणी मारून माती दाबलेली होती, तरी धुरळा उठला. त्या ढिगातून एक हात बाहेर आला आणि बोटांनी मध्यरेषेला शिवला. दम सुटलेला नव्हता, ओठ हलत होते. शिट्टी वाजली, तिघंही बाद. उठल्यावर त्याने काय करावं? नाचायचं सोडून ज्याचं कोपर खरचटलं होतं त्याला आधी हात देऊन उठवलं.

मी वही घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने चड्डीला हात पुसले, मग माझ्याकडे बघून पुन्हा एकदा पुसले.

"सही कर," मी म्हणालो.

"इथं?" त्याने पेन घेतलं आणि खाली वाकून, मांडीवर वही ठेवून, शाळेच्या पेपरवर लिहावं तसं लिहिलं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. खाली गाव, पोस्ट, तालुका. मग विचारलं, "जन्मतारीख लिहू का, साहेब?"

मला हसू आलं. सही म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण तो सही देत नव्हता, फॉर्म भरत होता. त्याला वाटत होतं, साहेबांनी नाव लिहून घेतलं. वही परत देताना त्याने विचारलंच, "मग बोलवतील कधी?"

तिथे माझ्या तोंडात एक सरळ वाक्य यायला हवं होतं. बाबा रे, माझं औषधांचं दुकान आहे, मला फक्त तुझा खेळ आवडला. एवढंच. पण आजूबाजूला दहा-बारा माणसं उभी होती, चहाचा कप हातात होता, आणि मी म्हणालो, "खेळत राहा. बघू." ते "बघू" मी ज्या थाटात म्हणालो, तो थाट मला आजही ऐकू येतो. त्याच्या पानावर मी शेरा लिहिला, "हा जाणार." इतका छोटा शेरा मी दुसऱ्या कुणालाच लिहिला नव्हता.

पुढच्या दोन हिवाळ्यांत तो मला चार-पाच मैदानांवर दिसला. मी दिसलो की तो हात जोडायचा आणि जास्तच जोरात खेळायचा. शहापूरजवळच्या एका सामन्यात त्याचा उजवा गुडघा आधीच सुजलेला होता. कपडा बांधून तो उतरला होता. त्याच्या संघातले त्याला बाहेर बस म्हणत होते. त्याने माझ्या खुर्चीकडे बघितलं आणि नाय म्हणाला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. तिसऱ्या चढाईला तो वळताना पडला आणि उठला नाही. चौघांनी उचलून टेम्पोत ठेवला. मी खुर्चीत बसून होतो, कारण पुढचा सामना सुरू होणार होता.

महिन्याभराने तो माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढला, एका हाताने भिंत धरून. गुडघ्याला बांधायचा पट्टा हवा होता. काउंटरमागे मला बघून तो आधी गोंधळला. मग वर पाटीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. त्याला सगळं कळलं असणार. पण तो म्हणाला, "साहेब, तुमचं दुकान हाय व्हय? चांगलं हाय." साहेब म्हणणं त्याने सोडलं नाही.

मी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. गुडघ्यातली दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटली होती, ऑपरेशन सांगितलं होतं, आणि खेळ बंद. मी त्याला बरोबर मापाचा पट्टा काढून दिला. वेदनेच्या गोळ्या जेवल्यावर घे म्हणून सांगितलं. आणि बोलता बोलता, अगदी सहज विचारल्यासारखं, विचारलं, "म्हणजे आता परत मैदान नाहीच?" तो म्हणाला, "डॉक्टर नाय म्हनतात. बघू." माझाच शब्द त्याने मला परत दिला, पण मला तेव्हा तो ऐकू आला नाही. मी वेगळाच हिशेब करत होतो.

तो हिशेब आता सांगितलाच पाहिजे. खंडेनवमीला सगळे आपापली हत्यारं घासूनपुसून पूजेला ठेवतात. आमच्या दुकानात वजनकाटा, कात्री आणि गोळ्या कुटायचा वडिलांचा जुना खल असतो. पहिल्या वर्षापासून मी वहीही त्यांत ठेवू लागलो. पूजेआधी हत्यार साफ करायचं, तशी मी वही साफ करायचो. ज्यांनी खेळ सोडला, ज्यांची निवड झाली नाही, जे पोलीस भरतीला जाऊन परत आले, ज्यांचं लग्न होऊन दुबार भातशेती सुरू झाली, त्यांची पानं ब्लेडने कापायची. वही शिवलेली, त्यामुळे मुळाशी कापलं तर जोडीचं पान सुटतं. म्हणून बोटभर कड ठेवायची. शेवटी वहीत उरायचे ते फक्त पोहोचलेले किंवा पोहोचायच्या वाटेवर असलेले. अशी वही केल्यावर नजर कशी चुकेल? आंधळ्यानेसुद्धा अशी वही बाळगली तर तो पारखी ठरेल. कुणी कडांकडे बघून विचारलं तर मी सांगायचो, शाई पसरली होती.

त्या वर्षी त्याचं पान कापलं. हात थांबला होता, मन मानत नव्हतं असं काही लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. "हा जाणार" असं लिहिलेलं पान ठेवून मी स्वतःचं हसं कशाला करून घेऊ, एवढाच विचार होता. पानाचे चार तुकडे केले आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांबरोबर डब्यात टाकले. हात धुऊन फुलं वाहिली.

वर्षं गेली. वहीचं नाव झालं. गेल्या हिवाळ्यात धसईकडच्या एका मंडळाने मला स्टेजवर बसवून शाल आणि नारळ दिला. निवेदक माईकवर म्हणाला की या माणसाने एकदा वहीत नाव लिहून घेतलं की पोरगा गेलाच समजा. मी शाल सावरून हात जोडले. समोर दोन-तीनशे माणसं होती. तो त्या गर्दीत होता, हे मला नंतर कळलं.

गेल्या महिन्यात, रविवारी दुपारी, मी शटर अर्धं ओढलेलं असताना तो आला. पाय ओढत चालतो आता, आणि केस कानशिलांवर पिकलेत. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी होती, दोन वेण्या घातलेली. त्यानेच सगळं सांगितलं, पायरीवर बसून, घाम पुसत. एका कंपनीच्या गेटवर तो नोकरी करतो. मुलीच्या शाळेत मुलींचा कबड्डीचा संघ केलाय आणि हिला घेतलंय. पण संघातल्या पोरी चिडवतात. तुझा बाप लंगडा, तो काय तुला शिकवणार? हिने घरी येऊन विचारलं, बाबा, तू खरंच खेळायचास का? चषक सगळे मंडळाकडे. फोटो ज्या फोनात होते तो फोन कधीच गेला. आई सांगते, पण आई सांगणारच. "मंग मी म्हनलं, चल. मुरबाडला साहेबांच्या वहीत माजी सही हाय. त्या वहीत आजपर्यंत एक पन माणूस खोटा नाय, आख्ख्या तालुक्याला म्हायती हाय. तिचा इस्वास बसंल." मग मुलीला म्हणाला, "नमस्कार कर गो साहेबांना."

मुलीने वाकून नमस्कार केला.

"वही आज घरी राहिली," मी म्हणालो.

"ती काय," मुलगी म्हणाली आणि तिने काचेच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. वहीवर मी ठळक अक्षरांत लिहून ठेवलंय, काय आहे ते. तिला वाचता येत होतं.

मी कप्प्याची किल्ली शोधायला लागेल त्यापेक्षा बराच जास्त वेळ लावला. त्या वेळात मला खरं सांगता आलं असतं. बाळा, तुझ्या बाबाची सही होती, मी कापली. पण तसं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, का कापली, आणि त्याचं उत्तर मला तिच्यासमोर द्यायचं नव्हतं. मी वही काढून काउंटरवर ठेवली. म्हटलं, दोनशे पानं आहेत, शोधून थकतील, मग मी काहीतरी सांगेन.

त्याने सुरुवातीपासून चाळायला घेतलं. मुलगी टाचा उंचावून बघत होती. पाच-सहा पानं झाली. मग त्याचा अंगठा पहिल्या कडेला लागला. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला. पुढे गेला. दुसरी कड. मग दोन एकत्र. तो आता पानं बघतच नव्हता, नुसत्या कडा चाचपत होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. त्या नजरेत राग असता तर मी काहीतरी बोललो असतो, उलट चढलो असतो, माझा स्वभाव तसा आहे. पण त्याने फक्त बघितलं आणि मान खाली घातली.

"सापडली," तो म्हणाला.

त्याने एक पान उघडून धरलं होतं. सही नुसती गिचमिड, एका लांब रेघेची, कुणाचं नाव आहे ते माझ्याशिवाय कुणालाच वाचता आलं नसतं. त्याची नव्हती. तो खेळाडू आता रेल्वेत नोकरीला आहे. पण त्या रेघेवर बोट ठेवून तो मुलीला म्हणाला, "ही बघ."

मुलीने जवळ जाऊन बघितलं. "हे तुजं नाव हाय?"

"सही अशीच असते गो. घाईत करतात."

मग तिची नजर खाली गेली, माझ्या पेन्सिलीच्या अक्षरांवर. ती एकेक शब्द जोडत वाचायला लागली. "उंचीने कमी. पण उडी जबर." तिने बापाकडे बघितलं. दाराच्या चौकटीला त्याचं डोकं जेमतेम चार बोटं कमी होतं. "बाबा, तू तर उंच हायस."

मी दोन्ही हातांनी काउंटर धरला होता.

"तवा बारीक होतो," तो म्हणाला. "मागून वाढलो."

मुलीला ते पटलं की नाही, मला माहीत नाही. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "काका, बाबा कसा खेळायचा?"

हे मात्र मला सांगता येत होतं. मी सांगितलं. धसईचं मैदान, चार गडी बाद, डावा कोपरा, टाच, साखळी, तिघांचा ढीग, आणि त्यातून बाहेर आलेला हात. एक शब्द वाढवला नाही. वाढवायची गरज नव्हती, पान कापलं तरी सामना मला जसाच्या तसा आठवत होता. कोपर खरचटलेल्याला त्याने उठवलं तेही सांगितलं. मुलगी तोंड उघडं ठेवून ऐकत होती. तो आमच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभा होता.

ऐकून झाल्यावर ती नुसती फुलली होती. ती हसली आणि मलाही धीर आला. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता काहीतरी भरून काढता येईल. मी वहीचं पहिलं कोरं पान उघडलं, खिशातलं पेन काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "तूपण खेळतेस ना? मग तुझी सही पाहिजे मला. कर इथे." म्हणताना माझा आवाज पुन्हा तसाच झाला होता, खुर्चीवाला. मला तो कळला, पण तोवर तो तोंडातून निघून गेला होता.

मुलीने पेन घेतलं. टोपण काढलं. पान मोठं होतं, कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना, म्हणून तिने बापाला विचारलं, "फक्त माजं नाव लिहू, का तुजं पन?"

तो वळला. लंगडत काउंटरपाशी आला आणि तिच्या हातातून पेन हळूच काढून घेतलं.

"नको बाय," तो म्हणाला. "त्या वहीत समद्यांना ठेवत नायत."

त्याने पेनाला टोपण लावलं, पेन वहीवर ठेवलं, आणि मुलीचा हात धरला. "येतो, साहेब," म्हणाला. पायऱ्या उतरताना मुलगी त्याला विचारत होती, कुणाला ठेवत नायत, बाबा, आणि कशापायी. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.